आठवणीला वाहक लागतो

समाजाची आठवण म्हणजे त्यातल्या माणसांच्या आठवणींची बेरीज नसते. माणूस आपण पाहिले-भोगले ते आठवतो. समाज मात्र आज हयात असलेल्यांपैकी कोणीही न पाहिलेल्या गोष्टी शतकानुशतके जपतो आणि हजारो लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलेल्या गोष्टी दोन-तीन पिढ्यांत विसरून जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये असे मांडले की, एकट्या माणसाची आठवणसुद्धा कुटुंब, संप्रदाय, वर्ग अशा समूहांच्या चौकटीतच टिकते. चौकट मोडली की आठवणीचा आधार जातो. पॉल कॉनर्टन या ब्रिटिश अभ्यासकाने १९८९ मध्ये या विचाराला जोड दिली. समाज आपला भूतकाळ ग्रंथांपेक्षा विधींतून आणि अंगवळणी पडलेल्या सवयींतून अधिक जपतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

हा विचार तपासून पाहायला पुणे जिल्ह्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके फार योग्य आहेत. बारामती शहर कऱ्हेच्या काठी वसले आहे. इंदापूर तालुक्याला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमेने, दक्षिणेकडून नीरेने वेढले आहे आणि तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. आज हा मुलूख ऊस, साखर कारखाने, सहकार आणि राजकारण यांसाठी ओळखला जातो. पण गेल्या चार शतकांत इथे लढाई झाली, काव्ये रचली गेली, मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची पद्धत ठरली, कर्जाचे कागद जाळले गेले, कालवा आला आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. यातले काही प्रत्येकाच्या तोंडी आहे, काही फक्त पुस्तकांत आहे आणि काही पुसट होत चालले आहे. घटना किती मोठी होती, एवढ्यावर हा फरक ठरलेला नाही. ती आठवण वाहून नेणारे कोणी होते की नव्हते, यावर तो ठरला आहे.

गावाची साक्ष

ब्रिटिश अमलाआधी पुणे प्रांतात शिवेचा, पाटीलकीचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि शेजारगावचे वतनदार एकत्र बसत, जाणत्या वृद्धांच्या साक्षी घेतल्या जात आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. कागदावरच्या त्या ओबडधोबड आकृत्या म्हणजे गावाने मिळून दिलेली कबुली असे. आठवण चारचौघांत बोलली जाई, तिथेच तपासली जाई आणि मग तिला कायद्याचे बळ मिळे.

या व्यवस्थेची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. शिवेच्या वादात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाच्या सीमा त्याला पाठ असत. ज्याच्या आठवणीवर गावाची शीव ठरे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. बायकांच्या आठवणीला त्या सभेत जागा नव्हती. ती जात्यावरच्या ओव्यांत राहिली. म्हणजे कोणाची आठवण पुरावा ठरेल आणि कोणाची नुसते गाणे, हे त्या काळीही समाजातल्या स्थानावर अवलंबून होते.

या भागात जागोजागी आढळणारे वीरगळ हे याहून जुने साधन. वीरगळाचे कप्पे खालून वर वाचायचे असतात. खाली लढाई किंवा गुरांसाठी झालेली झुंज, मधे वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. बहुतेक दगडांवर एक अक्षरही कोरलेले नसते. ज्या पिढीने दगड उभा केला तिला नाव माहीत होते, म्हणून ते कोरायची गरज वाटली नाही. ती पिढी गेली आणि नावही गेले. पराक्रम दिसतो, पण कोणाचा ते सांगता येत नाही. दगड टिकला म्हणून आठवण टिकत नाही, ती सांगणारी माणसे लागतात.

पठण आणि पाऊल

बारामतीशी दोन मोठ्या मराठी कवींची नावे जोडलेली आहेत. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी शिवलीलामृत शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८ मध्ये, बारामतीत काशीविश्वेश्वराच्या मंदिरात पूर्ण केले. पुढे पेशव्यांशी सोयरीक असलेल्या बाबूजी नाईकांच्या घराण्याच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) इथे राहिले. आर्याभारत, केकावली आणि नाना प्रकारच्या रचनाबंधांत लिहिलेली रामायणे असा प्रचंड काव्यसंभार त्यांनी निर्माण केला.

या दोघांच्या वाट्याला आलेले स्मरण मात्र अगदी निराळे आहे. मोरोपंतांची आर्या एके काळी कीर्तनकारांच्या ओठांवर होती आणि शालेय पुस्तकांत व विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिला मानाचे स्थान होते. पांडित्याने भरलेली ती भाषा समजावून सांगणारा कीर्तनकार आणि ती पाठ करून घेणारा शिक्षक, हे तिचे वाहक होते. नारदीय कीर्तनाचा श्रोतृवर्ग ओसरला, अभ्यासक्रम बदलले आणि मोरोपंतांचे नाव आदराने घेतले जात असले तरी काव्य घरातून गेले. शिवलीलामृत सोप्या ओवीत आहे आणि त्याचा अकरावा अध्याय आजही असंख्य घरांत सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीला वाचला जातो. वाचणाऱ्या अनेकांना तो ग्रंथ बारामतीत पुरा झाला हे ठाऊकही नसते. एका कवीचे नाव राहिले आणि काव्य मागे पडले; दुसऱ्याचे काव्य राहिले आणि गावाशी असलेला त्याचा धागा पुसट झाला. जे ठरलेल्या वारी, ठरलेल्या तिथीला उच्चारले जाते, ते टिकते.

वारीत हीच गोष्ट शरीराच्या पातळीवर घडते. तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरपूरला जाण्याचा सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. ही पालखी दरवर्षी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मार्ग धरते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो, त्यानंतर मेंढ्या पालखीभोवती धावत प्रदक्षिणा घालतात. बेलवाडीत आणि इंदापुरात अश्वांचे गोल रिंगण होते. सराटीला पादुकांना नीरास्नान घडते आणि पालखी पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते.

काटेवाडीचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. धोतरे कोणी अंथरायची, मेंढ्या कोणी आणायच्या, हे कुठल्या ग्रंथात पाहावे लागत नाही. वर्षभर दुसऱ्यांची वस्त्रे धुणाऱ्या समाजाला त्या दिवशी पालखीपुढे वस्त्र अंथरण्याचा मान आहे. मेंढपाळाच्या कळपाला रिंगणाचा मान आहे. हा मान घराण्यांकडे आणि समाजाकडे चालत येतो. बापाबरोबर गेलेला मुलगा पुढे आपल्या मुलाला घेऊन जातो. इथे आठवण ही जबाबदारी आहे आणि एखाद्या वर्षी ती पार पाडली गेली नाही तर साऱ्या गावाला चुकल्यासारखे वाटेल. स्मरणाला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो असा: ठरलेला दिवस, ठरलेली जागा, ठरलेली कृती आणि ती करणारी ठरलेली माणसे.

नातवामुळे आठवलेला आजा

इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले, ही गोष्ट परमानंदाच्या शिवभारत या काव्यातही येते. लढाईच्या वर्षाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण इंदापूरशी असलेला मालोजीराजांचा संबंध लोकांच्या मनात पक्का आहे आणि शहरातली गढी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. त्या काळात दख्खनेत अशा लढाया पुष्कळ झाल्या आणि पुष्कळ सरदार त्यांत कामी आले. त्यांतल्या बहुतेकांची गावे आज कोणी सांगू शकत नाही. मालोजीराजांचे गाव सांगता येते, कारण त्यांच्या नातवाने स्वराज्य स्थापन केले. पुढे जे घडले त्याच्या उजेडात मागचे दिसू लागले. समाज वर्तमानात उभा राहून मागे पाहतो आणि आजच्या अभिमानाला ज्याचा आधार आहे ते आधी उचलतो.

यात गैर काही नाही, पण या निवडीत काय गळते तेही पाहायला हवे. मालोजीराजांबरोबर त्या रणात पडलेल्या शिपायांचे नाव नाही. निजामशाहीची चाकरी हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग, पण लोकांच्या आठवणीत तो मागे सरकला आहे. त्यांच्या दोन मुलांची नावे, शहाजी आणि शरीफजी, अहमदनगरच्या शाहशरीफ या सूफी संताच्या नावावरून ठेवली गेली अशी परंपरा आहे. त्या काळच्या दख्खनेत श्रद्धा आणि सत्ता यांची गुंफण कशी होती, ते या दोन नावांत दिसते. गौरवाची आठवण हा गुंता सोपा करते. अभ्यासकाचे काम तो पुन्हा पुढे आणण्याचे आहे.

कागदाची आठवण

एकोणिसाव्या शतकात या भागात आठवणीचे माध्यमच बदलले. कंपनी सरकारच्या वतीने प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, असे तिचे सूत्र होते. आकारणी जड ठरली, पाहणीत भ्रष्टाचार झाला आणि इंदापुरात शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी केली आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी सारा कायम करण्यात आला. मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र पसरलेल्या सर्व्हे पद्धतीची सुरुवात अशी इंदापूर तालुक्यात झाली.

या मोजणीने शेताला हद्दीचे दगड आणि क्रमांक दिला. त्याआधी जमीन थळाच्या नावाने, झाडाच्या किंवा ओढ्याच्या खुणेने ओळखली जात होती आणि ती ओळख गावाच्या स्मरणात होती. आता ती कचेरीतल्या नोंदवहीत गेली. याचा फायदा खरा होता: बलदंड पाटलाच्या तोंडी शब्दापेक्षा नोंद अधिक भरवशाची होती. पण नोंद ज्याला वाचता येते, तिच्यावर त्याचा ताबा असतो. वाचता येणारा सावकार आणि अंगठा उठवणारा कुणबी यांच्यात कागद तटस्थ राहिला नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत ताण वाढत गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. पाठोपाठ इतर तालुक्यांतही तेच झाले. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तेव्हा भीमथडी तालुक्यात असलेले सुपे आज बारामती तालुक्यात आहे. जमावाने वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि त्यांची होळी केली. हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. शेतकऱ्यांचा रोख कशावर होता ते यावरून कळते. आपल्या विरुद्ध साक्ष देणारी, आपल्याला वाचता न येणारी आठवण त्यांना नष्ट करायची होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. अहवालात साक्षी, जमाखर्च, भाव, कर्ज यांची विपुल माहिती आहे. पण सरकारी साऱ्याचा बोजा हे उठावाचे कारण नव्हते, दोष सावकारांचा होता, असा निष्कर्ष त्यात निघाला. ज्यांनी कागद जाळले त्यांची कृती आज आपल्याला कळते ती सरकारने लिहवून घेतलेल्या दुसऱ्या कागदांतून, आणि त्या कागदांत सरकारने स्वतःला मोकळे करून घेतले आहे.

सुप्याचा उठाव एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिकवला गेला, म्हणजे देशभरातल्या विद्यार्थ्यांनी सुप्याचे नाव वाचले. तरी या घटनेभोवती वारीसारखी परंपरा उभी राहिली नाही. याची कारणे समजण्यासारखी आहेत. उठावाचा एक नेता नव्हता, त्यामुळे पुतळा कोणाचा हा प्रश्न होता. विजय असा नव्हता, उलट धरपकड आणि शिक्षा झाल्या. ज्यांच्या पेढ्यांवर हल्ला झाला त्या मारवाडी-गुजराती समाजाबरोबर पुढेही त्याच बाजारात व्यवहार करायचा होता. शेजार टिकवण्यासाठी माणसे काही गोष्टी बोलेनाशी होतात. एर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ च्या व्याख्यानात राष्ट्र घडण्यासाठी विस्मरणही लागते, असे म्हटले होते. गावालाही ते लागते. मात्र द्वेष विसरणे हिताचे असले, तरी कर्ज, भाव आणि सारा यांचे गणित विसरणे हिताचे नाही. शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा संपलेला नाही, त्यामुळे ते गणित आजही उपयोगाचे आहे.

कालव्याआधीचा दुष्काळ

उठावापाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम दुष्काळी काम म्हणून पुढे रेटले गेले आणि १८८५ मध्ये कालव्यातून पाणी सुटले. भाटघरच्या धरणातून मिळणाऱ्या या पाण्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा दक्षिण पट्टा बागायती झाला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी इथे येऊन उसाची शेती वाढवली, गुळाची पेठ बहरली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

कालव्याची आठवण समृद्धीच्या अंगाने टिकली. ज्या उपासमारीत तो खोदला गेला ती मात्र लोकस्मृतीतून जवळजवळ गेली आहे. पाटी-कुदळ घेऊन त्या चरात राबलेल्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. याउलट १९७२ च्या दुष्काळाची आठवण अजून ताजी आहे. खडी फोडायला गेलेले हात, कामावर मिळणारी सुकडी, बाहेरून आलेली लाल मिलो, जनावरांच्या छावण्या, हे सारे आज सत्तरी ओलांडलेली माणसे तपशिलाने सांगतात. त्यांच्यानंतर ते कोण सांगणार, हा प्रश्न आहे. जर्मन अभ्यासक यान आसमान यांच्या मांडणीनुसार तोंडोतोंडी चालणारी आठवण साधारण ऐंशी ते शंभर वर्षे टिकते. नंतर ती विधीत, ग्रंथात किंवा संस्थेत गेली तरच उरते. बहात्तरच्या दुष्काळाने एक संस्थात्मक वारसा ठेवला आहे: १९७७ चा रोजगार हमी कायदा, ज्याचा धागा पुढे देशपातळीवरच्या २००५ च्या कायद्यापर्यंत जातो. पण त्या कायद्यामागची माणसे आणि त्यांची भूक यांची नोंद गावागावात झाली पाहिजे.

इथे बारामती तालुक्याचे दोन भाग लक्षात घ्यावे लागतात. कालव्याखालच्या बागायती गावांत दुष्काळ ही आजोबांची गोष्ट आहे. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायत पट्ट्यात पाऊस चुकला की टँकरची वाट पाहावी लागते. एकाच तालुक्यात काहींसाठी दुष्काळ हा इतिहास आहे आणि काहींसाठी वर्तमान. ‘बारामतीचा विकास’ म्हणून जी एकच कहाणी बाहेर सांगितली जाते तिच्यात बागायती भागाची आठवण साऱ्या तालुक्याची म्हणून वावरते.

हक्काची आठवण

इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि तिथे वालचंदनगर वसले. उसासाठी कंपनीने आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा जमिनी शेतकऱ्यांकडे परत न जाता सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपवल्या गेल्या. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत हे घडले. या शेतकऱ्यांना खंडकरी म्हणतात.

खंडकऱ्यांनी जमीन परत मिळावी म्हणून अर्धे शतक मोर्चे काढले, निवेदने दिली, न्यायालयांत खेटे घातले. कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ पासून जमीनवाटपाला वेग आला. मूळ करार करणारे तोवर गेले होते. नातवंडे-पतवंडे वारसदार म्हणून पुढे होती. तीन पिढ्या ही आठवण धारदार राहिली, कारण तिच्यामागे हक्क होता. ट्रंकेतला खंडाचा कागद, सातबाऱ्याचा जुना उतारा, वारसनोंद यांना घरात देवाइतके जपले गेले. सुप्यात ज्या कुणब्यांनी कागद जाळले, त्यांच्याच मुलखात पुढच्या शतकात शेतकरी कागदाच्या बळावर लढला. मधल्या काळात साक्षरता आली, मताचा अधिकार आला आणि संघटना आली. कागद तोच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ बदलला.

पाण्याखालची गावे

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीजवळ भिंत आणि पाण्याचा फुगवटा मागे इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत, अशी त्याची रचना. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. सोलापूरच्या शेतीला आणि शहराला या पाण्याने आधार दिला. त्यासाठी भीमाकाठची काळी जमीन, घरे, घाट, देवळे, स्मशाने पाण्यात गेली.

इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव हे त्यांतले एक. गाव उठून पुणे–सोलापूर महामार्गालगत वसले. जुने पळसनाथाचे मंदिर जागीच राहिले. दगडी बांधणी, वर विटांचे शिखर आणि परिसरात वीरगळ व सतीशिळा असे ते स्थळ आहे. धरण भरलेले असताना शिखराचा भागच काय तो दिसतो. पाणी मृतसाठ्यात खोल उतरले की मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. लोक होड्यांनी आणि पायी तिथे पोहोचले, छायाचित्रे काढली, बातम्या आल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे वर्ष वाईट, तेच या गावाच्या दर्शनाचे वर्ष असते. पाऊस पडतो, पाणी चढते आणि चर्चा थांबते.

बातम्यांत मंदिराचे वय, शैली, शिल्पे यांविषयी लिहिले जाते. त्याच्याभोवतीच्या घरांविषयी फारसे लिहिले जात नाही. पुनर्वसनाचा राज्याचा व्यापक कायदा १९७६ मध्ये झाला. उजनीचे काम त्याआधीच सुरू झालेले होते. कोणाला किती जमीन मिळाली, कुठे मिळाली, कोणाची गुरे विकली गेली, कोण मजुरीला लागले, हे प्रश्न मंदिराइतके डोळ्यांत भरत नाहीत. दगडी शिखर दिसते म्हणून ते आठवते. मातीची घरे विरघळली आणि त्यांच्याबरोबर त्यांची कहाणीही.

ही कहाणी एकपदरी नाही. फुगवट्याच्या काठच्या अनेक शेतकऱ्यांनी पाइपलाइन टाकून पाणी उचलले आणि ऊस केला. मच्छीमारी वाढली. भिगवण परिसर रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झाला आणि हिवाळ्यात पर्यटक येऊ लागले. ज्या पाण्याने गाव घेतले त्यानेच पुढच्या पिढीला उत्पन्न दिले, तेव्हा तक्रारीचा सूर ओसरणे स्वाभाविक आहे. परंतु तुटलेपण अजून आहे. इंदापूर आणि करमाळ्याच्या काठांवरची गावे नात्यागोत्याने बांधलेली. जलाशयाने त्यांच्यात कित्येक किलोमीटरचा वळसा घातला, म्हणून लोक होडीने जा-ये करतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी प्रवासात वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि सहा जण बुडाले. विस्थापन ही १९८० ला संपलेली घटना असती तर ही होडी त्या संध्याकाळी पाण्यावर नसती.

खंडकऱ्यांच्या आठवणीला हक्काचे बळ होते आणि वारीला कृतीचे. धरणग्रस्तांचे तसे नव्हते. मोबदला वाटला गेला तसा कागदोपत्री हक्काचा प्रश्न बहुतेकांपुरता मिटला. गाव विखुरल्याने एकत्र येऊन आठवण काढण्याची जागा गेली. ग्रामदैवत नव्या गावठाणात आले, यात्रा भरू लागली, पण कोणता वाडा कुठे होता हे त्या यात्रेत सांगितले जात नाही. हाल्बवाक्स म्हणतात तशी चौकट इथे अक्षरशः बुडाली.

विस्मरणाची जबाबदारी

या साऱ्यावरून निघणारा निष्कर्ष असा. घटना कितीही मोठी असो, तिला वाहक मिळाला तरच समाज ती आठवतो. वाहक चार प्रकारचे दिसतात: ठरलेली कृती, ज्यावर वारी आणि शिवलीलामृत टिकले, वर्तमानातला अभिमान, ज्यावर मालोजीराजांचे नाव टिकले, जिवंत हक्क, ज्यावर खंडकऱ्यांचा लढा टिकला, आणि लिखित नोंद, जिच्यामुळे सुप्याचा उठाव पुस्तकात पोहोचला. यातले एकही ज्याच्या वाट्याला येत नाही ते विसरले जाते. कालवा खोदणारे मजूर, लढाईत पडलेले शिपाई, बुडालेल्या गावातली बेजमीन कुटुंबे हे त्यात मोडतात. त्यांना विसरण्याचा कोणी कट केला नाही. आठवणीची साधने ज्यांच्या हाती होती त्यांना ते आठवण्याचे कारण पडले नाही. म्हणूनच समाजाने काय विसरले हे पाहिले की त्या समाजात कोणाचे वजन किती होते तेही कळते.

यातून पुढचे कर्तव्य स्पष्ट होते. धरण पुरे झाले तेव्हा जे विशीत होते ते आज पासष्टीच्या आसपास किंवा पुढे आहेत. बुडालेल्या गावांच्या आळ्या, विहिरी, शेतांची जुनी नावे, कोण कुठे गेले याचा तपशील त्यांच्याकडे आहे. पुनर्वसित गावांच्या ग्रामपंचायती, शाळा आणि तालुक्यातली महाविद्यालये मिळून गाववार नोंदी करू शकतात: नकाशा काढून घेता येईल, कथन ध्वनिमुद्रित करता येईल, घरातले फोटो आणि संपादनाच्या नोटिसा जमवता येतील. या नोंदींत बारा बलुतेदारांचे, शेतमजुरांचे आणि बायकांचे कथन नसेल तर गोतसभेची जुनी मर्यादाच पुन्हा उमटेल. आणि नुसती नोंद कपाटात राहू नये म्हणून तिला कृतीची जोड हवी. नव्या गावठाणातल्या यात्रेत जुन्या गावाचे वाचन होऊ शकते; सुप्यात १२ मे रोजी शेतीकर्जावर खुली चर्चा होऊ शकते; कालव्याच्या गावांत दुष्काळी कामांवर राबलेल्यांची आठवण ठेवता येते.

बारामती आणि इंदापूरची समृद्धी खरी आहे आणि तिचा अभिमान रास्त आहे. तिची किंमत कोणी मोजली हे त्या अभिमानासोबत सांगितले गेले, तर पुढच्या कालव्याच्या, धरणाच्या किंवा महामार्गाच्या वेळी गावकऱ्यांना काय विचारायचे ते माहीत असेल. भूतकाळ आठवण्याचा समाजाला होणारा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे.